तेल-तूप, घाम आणि मायटोकाँड्रिया

गैरसमज: स्निग्ध पदार्थ मायटोकाँड्रियांचे, म्हणजे पेशींतल्या ऊर्जा बनवणाऱ्या भागांचे, शत्रू.
वस्तुस्थिती: हृदयाचंच बघा. त्याच्या ऊर्जेतला ६० ते ७० टक्के वाटा फॅटी ॲसिडच्या ज्वलनातून येतो, आणि तिथल्या स्नायुपेशीचा जवळपास तिसरा हिस्सा मायटोकाँड्रियांनीच व्यापलेला असतो. शिवाय त्यांच्या आतल्या पडद्याला कार्डिओलिपिन हा मेदपदार्थ लागतो. निरोगी हृदयात त्याच्या रेणूतल्या चारही साखळ्या बहुतेक लिनोलेइक ॲसिड या फॅटी ॲसिडच्या असतात. हे ॲसिड शरीराला बनवता येत नाही, ते अन्नातूनच यावं लागतं. पारंपरिक करडईच्या तेलात ते भरपूर, शेंगदाण्याच्या तेलात बऱ्यापैकी आणि तुपात अगदी थोडं. गरज मात्र एवढीशी, त्यामुळे भाजीवर तेलाचा तवंग आणायचं कारण नाही.

गैरसमज: मग तूप, खोबरेल तेल वाढवलं की मायटोकाँड्रिया वाढतील, आणि वाढले की तब्येत ठणठणीत.
वस्तुस्थिती: यातला पहिला अर्धा भाग उंदरांच्या बाबतीत खरा ठरला, आणि म्हणूनच गंमत आहे. २००८ साली अमेरिकेत जॉन होलॉझी यांच्या गटाने उंदरांना भरपूर चरबीचा आहार दिला. स्नायूंतले मायटोकाँड्रिया खरोखरच वाढले, पण ते स्नायू इन्सुलिनला दाद देईनात. इंधनाचा पुरवठा वाढला, खप नाही. कॉफीत तूप ढवळून खुर्चीत बसणाऱ्यांनी हे वाचावं.

खप वाढवतो तो व्यायाम. याच होलॉझींनी १९६७ मध्ये उंदरांना ट्रेडमिलवर पळवलं होतं. काही आठवड्यांत त्यांच्या स्नायूंतल्या मायटोकाँड्रियांची ऑक्सिजन वापरण्याची क्षमता साधारण दुप्पट झाली.

गैरसमज: स्नायूत साठलेली चरबी म्हणजे मधुमेहाची नांदी.
वस्तुस्थिती: २००१ साली ब्रेट गुडपास्टर आणि सहकाऱ्यांनी लांब पल्ल्याच्या खेळाडूंचे स्नायू तपासले. त्यांत चरबीचे थेंब भरपूर निघाले, टाइप २ मधुमेह असलेल्यांच्या स्नायूंइतकेच. तरी खेळाडूंवर इन्सुलिनचा परिणाम उत्तम होत होता. एकाचा साठा रोज पळताना जळतो आणि पुन्हा भरतो, दुसऱ्याचा पडून राहतो. अर्थात मधुमेहाला इतरही कारणं असतात, हे वेगळं सांगायला नको.

गैरसमज: कुठलाही व्यायाम केला तरी सगळ्या स्नायूंना सारखाच फायदा.
वस्तुस्थिती: १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या बेंग्ट साल्टिन यांच्या प्रयोगात माणसांनी एकाच पायाने पेडल मारून सराव केला. दमश्वासाचा सराव झालेल्या पायात मायटोकाँड्रियांतलं एन्झाइम वाढलं. स्वस्थ बसलेला दुसरा पाय त्याच माणसाचा, त्याच रक्तावर आणि त्याच जेवणावर पोसलेला, पण तिथे ही वाढ दिसली नाही. म्हणजे नुसते दंड फुगवणाऱ्याच्या मांड्या कोऱ्याच राहतात.

आणि व्यायामाची ही कमाई टिकाऊही नाही. सराव सुटला की काही आठवड्यांतच ती ओसरू लागते.