माकूल, रानपिंगळा आणि एक खोटी चिठ्ठी

झूलॉजीवाल्यांनो, खरं सांगा, शास्त्रीय नावं पाठ करताना जीव जातो ना? 'याचा काय उपेग हाय बावा?' असंही कधीतरी तोंडातून निघतंच. तर उपयोग काय, ते एका समुद्रातल्या आणि एका आपल्या मेळघाटातल्या जिवावरून बघा.

कोकणच्या बाजारात 'माकूल' मागितलं की स्क्विड मिळतो, कधी त्याचा भाऊबंद कटलफिशही. गोव्यात तो 'माणकी', हॉटेलच्या मेन्यूवर 'कॅलामारी'. कटलफिशच्या अंगात पांढरं, खडूसारखं कवच असतं. आयुर्वेदिक औषधांच्या दुकानातला 'समुद्रफेन' तो हाच. स्क्विडच्या अंगात मात्र पिसासारखी पातळ, पारदर्शक पट्टी. बाजारात नाव एक, प्राणी दोन! हा घोळ शास्त्रीय नाव मिटवतं : भारतीय स्क्विड म्हणजे युरोट्युथिस दुव्होसेली.

जुन्या पुस्तकांत हाच लोलिगो दुव्होसेली असतो. गोंधळू नका. नव्या अभ्यासात नात्यागोत्याचा हिशेब बदलला की पहिला शब्द, म्हणजे प्रजातीचं नाव बदलतं. दुसरा शब्द टिकतो आणि मूळ नाव देणाऱ्याचं नाव कंसात जातं. परीक्षेत तो कंस विसरू नका!

रानपिंगळ्याचंही तसंच झालं. १८७३ साली ह्यूम यांनी त्याला हेटेरोग्लॉक्स ब्लेविटी म्हटलं. आता तो बहुतेक याद्यांमध्ये अथीनी ब्लेविटी आहे, म्हणजे घराजवळच्या साध्या पिंगळ्याचा चुलतभाऊ.

पण नाव राहिलं आणि पक्षीच हरवला. १८८४ नंतरचा एकच नमुना संग्रहात होता. १९१४ साली गुजरातेत मांडवीजवळ मिळाला, अशी कर्नल रिचर्ड माइनर्ट्सहागेन यांची चिठ्ठी त्याला होती. पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी तपासलं, तर तो ब्रिटिश संग्रहालयातून चोरलेला जुनाच नमुना निघाला. चिठ्ठी साफ खोटी! मग शोध जुन्या, खऱ्या चिठ्ठ्यांवरच्या ठिकाणांकडे वळला आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळच्या जंगलात रानपिंगळा समोर बसलेला दिसला. तब्बल ११३ वर्षांनी! पुढे तो आपल्या मेळघाटातही सापडला.

म्हणजे बघा, नुसतं नाव पुरत नाही. कुठे, कधी, कोणाला मिळाला, हे खरं लिहिलेलं असावं लागतं. मेळघाटात गेलात आणि भरदिवसा फांदीवर छोटं घुबड दिसलं, तर त्याचं डोकं नीट बघा. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर ठळक पांढरे ठिपके असतात, रानपिंगळ्याच्या डोक्यावर ते जेमतेमच दिसतात. फोटो काढा, जागा आणि तारीख टिपून ठेवा. ओळख पटली नाही, तर 'ओळख नक्की नाही' असंच लिहा. प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्येसुद्धा मित्राची नोंद उतरवू नका. तुमची चिठ्ठी उद्या कोणीतरी खरी मानून जंगलात जाणार आहे.