हिशेब मागणार कोण?

1 जुलै 2025 रोजी अमेरिकेच्या यूएसएड या संस्थेचं काम अधिकृतपणे थांबलं. 1961 मध्ये केनेडींच्या काळात सुरू झालेली, जगभर धान्य, औषधं आणि पैसा पोचवणारी ही यंत्रणा गुंडाळली गेली. ती बंद करण्याच्या बाजूने जे बोललं गेलं, त्यात एक आरोप जुनाच होता: गरीब देशांना दिलेला पैसा तिथले सत्ताधारी खातात. आरोप हवेतला नाही. झैरच्या मोबुटूंनी तीन दशकं देश लुटला आणि शीतयुद्धाच्या हिशेबाने पाश्चात्त्य देश त्यांना पोसत राहिले. फिलिपिन्सच्या मार्कोस यांचीही तीच गत. पण भ्रष्टाचार मदतीतूनच जन्मतो का? मला वाटतं, हा प्रश्न आपण आपल्या मातीवर तपासून पाहावा. महाराष्ट्रात जागतिक बँकेचा पैसा आला, दिल्लीचा आला, कर्जरोख्यांचा आला, टोलच्या भरवशावर खासगी पैसाही आला. त्यातला कुठला मुरला आणि कुठला पोचला, हे आपल्याला पाहता येतं.

आधी अभ्यासकांकडे वळू. मदतीविरुद्धचा सर्वांत धारदार युक्तिवाद पीटर बाउर या अर्थतज्ज्ञांनी मांडला आणि 2009 मध्ये झांबियाच्या डांबिसा मोयो यांनी तो पुन्हा गाजवला. त्याचा गाभा सोपा आहे. सरकार जनतेच्या करावर चालतं तेव्हा जनता जाब विचारते. बाहेरून आयता पैसा आला की सरकारला जनतेची गरज उरत नाही. 2020 मध्ये जागतिक बँकेच्याच एका अभ्यासात मदतीवर सर्वाधिक विसंबलेले 22 देश तपासले गेले. मदतीचा हप्ता आला की करबुडव्यांच्या आश्रयस्थानी असलेल्या बँकांतल्या त्या देशांच्या ठेवी वाढतात, आणि ही गळती मदतीच्या साधारण साडेसात टक्के असते, असं त्यात निघालं. उलट 2003 मध्ये होझे तावारेस यांच्या अभ्यासात मदतीमुळे भ्रष्टाचार कमी झाल्याचं दिसलं होतं, कारण पैशाबरोबर अटी आणि तपासणीही येते. म्हणजे आकडे दोन्ही बाजूंनी बोलतात.

मला या साऱ्यात युगांडाचं उदाहरण मोलाचं वाटतं. 1991 ते 1995 या काळात तिथल्या प्राथमिक शाळांसाठी सरकारने दिलेल्या अनुदानातला सरासरी 13 टक्केच पैसा शाळेपर्यंत पोचत होता. हे उघड झाल्यावर कुठल्या जिल्ह्याला किती रक्कम दिली, हे वर्तमानपत्रांत आणि शाळांच्या भिंतींवर छापायला सुरुवात झाली. काही वर्षांत पोचणारा वाटा 80 टक्क्यांवर गेला.  आकडा पालकांना कळला, हा त्यातला मोठा फरक.

आता आपल्याकडे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसं गेली. पुनर्वसनासाठी 1994 मध्ये जागतिक बँकेकडून 24 कोटी 60 लाख डॉलरचं सवलतीचं कर्ज मंजूर झालं. या एका प्रकल्पात दोन रीती शेजारी शेजारी चालल्या. पूर्ण जमीनदोस्त झालेली 52 गावं नव्या जागी हलवली गेली आणि तिथली घरं ठेकेदारांनी आणि देणगीदार संस्थांनी बांधली. भूमिहीन आणि अल्पभूधारकाला 250 चौरस फूट, मधल्या शेतकऱ्याला 400, मोठ्या खातेदाराला 750, असा जमिनीवरून ठरलेला हिशेब होता. आखणी शहरी वळणाची, रस्ते रुंद आणि सरळ. गुरांना, गोठ्याला, भावकीच्या शेजाराला त्या नकाशात जागा बेताचीच.

ज्या गावांत घरं फक्त खचली होती, तिथली रीत वेगळी होती. पैसा थेट घरमालकाच्या बँक खात्यात, तोही हप्त्याहप्त्याने. पाया झाला, अभियंत्याने पाहिला, पुढचा हप्ता. भिंत उठली, पुन्हा पाहणी, पुन्हा हप्ता. स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या पुढाकाराने गावोगावी बचतगटातल्या बायका संवाद सहायक म्हणून उभ्या राहिल्या. कुणाचा हप्ता अडला, कुणाच्या घराला भूकंपरोधक पट्टा बसलाच नाही, हे त्या बघत आणि तालुक्याला जाऊन सांगत. लाखो घरं अशा रीतीने दुरुस्त झाली. सगळं स्वच्छ झालं, असा दावा मी करणार नाही. पण ज्याचं घर तोच देखरेख करणारा असला की सिमेंट कमी घालणाऱ्या गवंड्याला उत्तर द्यावं लागतं. बाजूच्या 52 गावांत ते उत्तर मागायला घरमालक जागेवर नव्हता.

दहा वर्षांनी जलस्वराज्य आलं. 2003 मध्ये जागतिक बँकेने 18 कोटी 10 लाख डॉलरचं कर्ज मंजूर केलं आणि 26 जिल्ह्यांत गावांना पाणीयोजना मिळाल्या. इथे अट होती: गावाने खर्चाच्या दहा टक्के लोकवर्गणी भरायची, समितीत निम्म्या बायका हव्यात, आणि हिशेब तपासायला गावचीच सामाजिक लेखापरीक्षण समिती. कागदावर याहून चांगली रचना सुचणं अवघड. तरीही कितीतरी गावांत समितीच्या अध्यक्ष-सचिवांवर अपहाराचे गुन्हे दाखल झाले. लोकवर्गणी लोकांऐवजी ठेकेदारानेच भरल्याच्या तक्रारीही झाल्या, आणि ती त्याने भरली की तो ती व्याजासकट बिलातून काढणार हे वेगळं सांगायला नको. ज्या गावात घरटी वर्गणी खरोखर निघाली, तिथे माणसं टाकीच्या कामावर जाऊन उभी राहिली. जिथे नाही निघाली, तिथे आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय.

मग परदेशी पैसाच बिघडवतो का? याचं उत्तर कृष्णा खोऱ्यातच आहे. कृष्णेचं पाणी राज्यांत वाटून देणाऱ्या बच्छावत लवादाने महाराष्ट्राला दिलेलं 560 टीएमसी पाणी 31 मे 2000 पूर्वी वापरात आणायचं म्हणून 1996 मध्ये महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापन झालं. पैसा उभारला तो मुख्यतः कर्जरोख्यांतून, सरकारच्या हमीवर. पुढे इतर खोऱ्यांचीही महामंडळं झाली. 2012 मध्ये दहा वर्षांत 70 हजार कोटी खर्चून सिंचन 0.1 टक्क्याने वाढल्याचा आकडा पुढे आला आणि विजय पांढरे या मुख्य अभियंत्यांच्या पत्राने राज्य हादरलं. श्वेतपत्रिका निघाली, माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली. फुगवलेली अंदाजपत्रकं, निविदेनंतर वाढवलेला खर्च, कामाआधी उचललेल्या रकमा, हे सगळं परदेशी मदतीविना झालं. पैसा पूर्णपणे आपला, आणि हिशेब मागणारं कुणी नाही.

त्याच वेळी परदेशी संस्थांनी स्वतःला पवित्र समजायचंही कारण नाही. 2008 मध्ये जागतिक बँकेने भारतातल्या आपल्याच पाच आरोग्य प्रकल्पांची तपासणी जाहीर केली. ओरिसात पाहिलेल्या 55 रुग्णालयांपैकी 93 टक्के ठिकाणी कामात दोष निघाले, आणि त्यातली कित्येक कामं कागदावर पूर्ण झालेली होती. बँकेचे अधिकारी इतकी वर्षं काय पाहत होते? कर्ज किती वाटलं यावर बढती ठरत असेल, तर छताची गळती कुणाला दिसणार? दाभोळच्या एन्रॉन वीजप्रकल्पाचं उदाहरण आणखी वेगळं. 1993 मध्ये जागतिक बँकेने त्या प्रकल्पाला पैसा द्यायला नकार दिला, कारण तिच्या हिशेबाने ती वीज महाग पडणार होती. प्रकल्प थांबला नाही. अमेरिकी सरकारच्या निर्यात बँकेने आणि गुंतवणूक संस्थेने आपल्या कंपनीसाठी पैसा दिला. अशा पैशाला मदत म्हणताना ती कुणाला होते, हे पाहावं लागतं.

आणि कोल्हापूर. या शहराने हिशेब कसा मागायचा ते दाखवून दिलं आहे. 'बांधा, वापरा, हस्तांतरित करा' तत्त्वावर 220 कोटींचा रस्ते प्रकल्प झाला, ऑक्टोबर 2013 मध्ये टोलवसुली सुरू झाली, आणि पेठा, तालमी, रिक्षावाले, वकील, सगळे सर्वपक्षीय कृती समितीत एकत्र आले. लढ्याचे नेते एन. डी. पाटील सर आणि गोविंद पानसरे यांनी नुसतं 'टोल देणार नाही' म्हटलं नाही. झालेलं काम आणि सांगितलेली किंमत यांचा मेळ घाला, असं म्हटलं. नाके पेटवले गेले, ते मला मान्य नाही. पण सरकारला रस्त्यांचं फेरमूल्यांकन करावं लागलं आणि 2015 च्या अखेरीस टोल रद्द होत असल्याची घोषणा झाली. नागरिकांनी प्रकल्पाची किंमत तपासायला लावली, हे त्या लढ्यातलं मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं.

तीच तपासणी आता पुन्हा लागणार आहे. 2019 आणि 2021, दोन्ही वर्षी राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 55 फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी 43 फूट. कोल्हापूर-सांगलीच्या पूरनियंत्रणासाठी तीन हजार कोटींहून मोठा कार्यक्रम आखला गेला आहे आणि त्यातला मोठा वाटा जागतिक बँकेच्या कर्जाचा आहे. राज्याच्या 'मित्रा' या संस्थेकडे त्याची सूत्रं आहेत. किल्लारीच्या वेळी लातूरचे जिल्हाधिकारी असलेले प्रवीणसिंह परदेशी पुढे याच संस्थेचे मुख्य कार्यकारी अधिकारी झाले, त्यामुळे घरमालकाच्या हाती हिशेब दिला की काय होतं, हे या यंत्रणेला ठाऊक नाही असं नाही.

हे दान नाही, कर्ज आहे. फेडणार आपण, आपली मुलं. म्हणून प्रयाग चिखली, आंबेवाडीपासून शिरोळ तालुक्यातल्या राजापूरपर्यंत प्रत्येक पूरग्रस्त गावाने ग्रामसभेत हा विषय घ्यावा. आपल्या हद्दीत कुठलं काम, किती रुपयांचं, ठेकेदार कोण, मुदत कधीची, हे मराठीत चावडीवर लावा, असा ठराव करावा. पुलांचे भराव नदीचं पाणी अडवतात, अशी आपली वर्षानुवर्षांची तक्रार आहे. त्यांचं काय करणार, हे लेखी विचारावं. माहिती अधिकाराच्या 2005 च्या कायद्यात फक्त कागद मागायचा हक्क नाही. कामाची प्रत्यक्ष पाहणी करण्याचा आणि वापरलेल्या मालाचा प्रमाणित नमुना घेण्याचाही हक्क त्यात आहे. तो फारच थोडे लोक वापरतात. पहिला खड्डा खणला जाईल त्या दिवसापासून तो वापरायला लागा.