वक्ता आणि प्रवक्ता

वक्ता आणि प्रवक्ता या दोन शब्दांत एका उपसर्गाचे अंतर आहे. पण ते ओलांडताना माणसाला केवढी किंमत मोजावी लागते, हे अमेरिकेतील माल्कम एक्स याच्या चरित्रात दिसते. वक्ता स्वतःचे मत मांडतो. प्रवक्ता दुसऱ्याचे मत मांडतो आणि त्याला स्वतःच्या चारित्र्याची ग्वाही देतो. व्याख्याने ऐकणाऱ्या आपणां सर्वांना हा भेद विचार करण्याजोगा आहे असे आम्हांस वाटते.

माल्कम लिट्ल १९२५ साली नेब्रास्कातील ओमाहा येथे एका कृष्णवर्णीय धर्मोपदेशकाच्या घरी जन्मला. तो सहा वर्षांचा असताना वडील ट्रामखाली सापडून गेले; पुढे आईला मनोरुग्णालयात ठेवावे लागले आणि भावंडे पांगली. १९४६ साली, ऐन विशीत, घरफोडीबद्दल त्याला तुरुंगवास घडला. तेथे त्याने शब्दकोश पहिल्या पानापासून उतरवून काढला, ग्रंथालयाचा फडशा पाडला आणि कैद्यांच्या वादसभेत वाणी घासूनपुसून घेतली. भावंडांच्या पत्रांतून 'नेशन ऑफ इस्लाम' या पंथाची ओळख झाली तीही तेथेच.

हा पंथ १९३० साली डेट्रॉइटमध्ये निघाला आणि एलिजा मुहम्मद यांच्या नेतृत्वाखाली वाढला. गोरा मनुष्य हा मुळातच सैतान, काळ्यांनी त्याच्यापासून विभक्त व्हावे, अशी त्याची शिकवण. ती इस्लामच्या मूळ तत्त्वांस सोडून आहे असे इतर मुसलमान म्हणत, आणि वृत्तपत्रे तिला द्वेषाचा प्रचार म्हणत. तथापि, केवळ निषेधाने हा पंथ समजत नाही. व्यसनांत बुडालेल्या, तुरुंगातून सुटलेल्या माणसांना त्याने नीटनेटके कपडे, नियमित काम आणि ताठ मान दिली. माल्कम हा त्याचा चालताबोलता दाखला होता. गुलामांच्या मालकांकडून चिकटलेले आडनाव टाकून त्याने 'एक्स' लावले. हरवलेल्या आफ्रिकी नावाची ती खूण.

१९५२ मध्ये तो सुटला आणि १९५४ मध्ये न्यू यॉर्कच्या हार्लेम भागातील मंदिराचा प्रमुख झाला. विद्यापीठांत, आकाशवाणीवर, दूरचित्रवाणीवर त्याचाच आवाज घुमू लागला. पण आपले म्हणणे तो पुनःपुन्हा 'आदरणीय एलिजा मुहम्मद आम्हांस असे शिकवितात' या अर्थाच्या वाक्याने मांडी. एकदा एक गोरी विद्यार्थिनी त्याला शोधत हार्लेमला आली आणि मी काय करू शकते, असे तिने विचारले. 'काहीही नाही,' असे त्याने उत्तर दिले. ती रडत परतली. उत्तर सिद्धांताशी सुसंगत होते. मात्र पुढे त्याचीच खंत त्याने आत्मचरित्रात नोंदविली.

१९६३ मध्ये त्याला कळले की, व्यभिचाराबद्दल अनुयायांना शासन करणाऱ्या गुरूंना आपल्याच चिटणीस तरुणींपासून अपत्ये झाली आहेत. त्याच वर्षी केनेडींच्या हत्येवर, देशाने पेरले तेच उगवले अशा आशयाचे तो बोलला. भाष्य करू नये अशी गुरूंची आज्ञा होती. त्यांनी ९० दिवसांचे मौन लादले. प्रवक्त्याचे मौन म्हणजे त्याचे अस्तित्वच पुसणे होय!

मार्च १९६४ मध्ये तो पंथाबाहेर पडला आणि एप्रिलमध्ये हजला गेला. मक्केत गोऱ्या कातडीच्या मुसलमानांबरोबर एका ताटात जेवल्यावर, सरसकट सर्व गोऱ्यांना दोष देणे चुकीचे होते, हे त्याने पत्रांतून मायदेशी कळविले. वर्णद्वेषावरील त्याचा कोरडा मात्र सैल झाला नाही. गेली ते वाक्य तेवढे. आता जे बोलायचे ते स्वतःच्या नावाने.

ही मोकळीक वर्षभरही लाभली नाही. २१ फेब्रुवारी १९६५ रोजी न्यू यॉर्कमधील ऑड्युबॉन सभागृहात, भाषणास उभा असतानाच त्याच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. वय ३९. तिघांना शिक्षा झाली. त्यांतील दोघे निर्दोष होते, हे न्यायालयाने २०२१ मध्ये मान्य केले. तोवर त्यांपैकी एकजण निवर्तलाही होता.

त्याची सर्वच मते आम्हांस मान्य नाहीत. परंतु ज्या श्रोत्यांना आपण वर्षानुवर्षे एक सांगितले, त्यांच्याचसमोर उभे राहून 'माझे चुकले' असे म्हणणे, हे वक्तृत्वाहून अवघड काम आहे. टाळ्या त्याला प्रवक्ता असताना अधिक मिळाल्या. वक्ता तो झाला अखेरच्या अकरा महिन्यांत.