रिपोर्टची सुरुवात खाटेपाशी

फरीदाबादच्या एनआयटी भागातलं ईएसआय मेडिकल कॉलेजचं रुग्णालय कारखान्यांतल्या कामगारांचा मोठा आधार आहे. 24 ऑगस्ट 2022 रोजी उद्घाटन झालेल्या अमृता हॉस्पिटलमुळे शहरात आणखी एका अवाढव्य रुग्णालयाची भर पडली. मोठ्या लॅबमधली यंत्रं तासाला शेकडो चाचण्या करतात. पण रक्त कुणाचं आणि कसं काढलं, हे यंत्राला कळत नाही. ते वॉर्डात ठरतं, बहुतेकदा नर्सच्या हातून.

इटलीतल्या पादुआ इथल्या रुग्णालयाने लॅबच्या चुका मोजल्या. 1997 साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत 68 टक्के चुका नमुना तपासण्याच्या आधीच्या टप्प्यातल्या निघाल्या. दहाएक वर्षांनी पुन्हा मोजलं, तरी प्रमाण 62 टक्क्यांच्या आसपासच होतं.

नर्सिंगच्या विद्यार्थिनी रक्ताच्या नळ्यांच्या बुचांचे रंग पाठ करतात. त्यामागचं कारण समजलं, तर हात आपोआप सावध होतो. जांभळ्या बुचाच्या नळीत ईडीटीएचा पोटॅशियमयुक्त क्षार असतो. तो कॅल्शियम बांधून ठेवतो, म्हणून रक्त गोठत नाही. पिवळ्या नळीत रक्त कमी पडलं म्हणून जांभळ्यातलं थोडं तिच्यात ओतलं, की रिपोर्टात पोटॅशियम भयंकर वाढलेलं आणि कॅल्शियम घसरलेलं दिसतं. अशा रिपोर्टवर विसंबून डॉक्टरांनी पोटॅशियम उतरवायला इन्शुलिन सुरू केलं, तर मुळात पोटॅशियम ठीक असलेल्या माणसाची साखर उगाच खाली जाऊ शकते. सिरिंजचा दट्ट्या जोरात ओढला किंवा नळी खळखळून हलवली, तरी तांबड्या पेशी फुटून पोटॅशियम खोटंच वाढतं.

रक्त गोठण्याच्या चाचण्यांसाठीच्या निळ्या नळीचं गणित आणखी काटेकोर: 0.3 मिलि सायट्रेटला 2.7 मिलि रक्त. नळी अर्धवट भरली, तर आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेचं माप, वाढलेला दिसतो आणि रक्त पातळ ठेवणाऱ्या वॉर्फरिनचा डोस विनाकारण कमी होऊ शकतो.

साध्या नळीत रक्त पडून राहिलं, तर पेशी साखर खात राहतात. ताशी साधारण 5 ते 7 टक्के. फरीदाबादच्या जूनमधल्या उकाड्यात हे आणखी झपाट्याने होतं. हे थांबवण्यासाठी करड्या नळीत असलेल्या फ्लोराइडचाही पूर्ण परिणाम व्हायला तासभर तरी लागतो. त्यामुळे नळी करडी असली, तरी ती ट्रेमध्ये ठेवून जेवायला जाणं चूकच.

सगळ्यांत घातक चूक मात्र नावाची. ‘तुम्हीच अमुक ना?’ असं विचारलं, की ग्लानीतला रुग्ण मान डोलावतो. ‘आपका नाम क्या है?’ विचारून त्याच्या तोंडून नाव घ्यायचं, नोंदणी क्रमांक पडताळायचा, मगच सुई. लेबल लावायचं ते रक्त काढल्यावर लगेच, त्याच खाटेपाशी.