मेमरी कार्ड खरंच ‘डबल’ होतं का?

आगरमधले एक चाचा परवा ३२ जीबीचं मेमरी कार्ड घेऊन आमच्याकडे आले. त्यात वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला, सातबारा, जन्मनोंदी असे स्कॅन केलेले कागद होते. म्हणाले, ‘‘सर, कार्ड भरलं. सॉफ्टवेअर टाकलं की ३२ चं ६४ होतं म्हणतात. टाकू का?’’

आम्ही म्हटलं, थांबा. ओबीसी दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागतात. असे कागद गेले तर मुलांची ॲडमिशन अडते.

आधी हे समजून घेऊ. कार्ड मोठं होत नाही, फायली लहान होतात. एकच गोष्ट फाईलमध्ये पुन्हा पुन्हा येत असेल तर सॉफ्टवेअर ती थोडक्यात लिहून ठेवतं. १९९३ मध्ये एमएस-डॉस ६.० सोबत आलेलं ‘डबलस्पेस’ हेच करायचं. म्हणून साधा मजकूर, जुन्या वर्ड फायली, काळे-पांढरे बीएमपी स्कॅन बरेच आकसतात. जेपीजी फोटो आणि एमपी४ व्हिडिओ आधीच दाबलेले असतात, त्यात जवळजवळ काहीच वाचत नाही.

तरी करायचंच असेल तर विंडोजमध्येच सोय आहे, वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही.

१. कार्डातलं सगळं कॉम्प्युटरवर कॉपी करा. चार-पाच फायली उघडून बघा. फॉरमॅट केल्यावर कार्ड रिकामं होतं, म्हणून ही पायरी चुकवू नका.

२. कार्डावर राइट क्लिक करून ‘फॉरमॅट’ निवडा. फाईल सिस्टिम ‘एनटीएफएस’ आणि अलोकेशन युनिट ४०९६ ठेवा. युनिट त्याहून मोठं असेल तर कॉम्प्रेशन चालत नाही.

३. ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘कम्प्रेस धिस ड्राइव्ह’वर टिक करून ‘अप्लाय’ दाबा.

४. फायली परत टाका. फाईलच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘साइज’ आणि ‘साइज ऑन डिस्क’ ताडून बघा. दोन्हींतला फरक म्हणजे वाचलेली जागा.

५. काढताना ‘इजेक्ट’ केल्याशिवाय कार्ड ओढू नका.

आता तोटा. एनटीएफएस कार्ड बरेच अँड्रॉइड फोन आणि कॅमेरे वाचत नाहीत. कार्ड फोनमध्ये घालायचं असेल तर हा मार्ग सोडा. फोल्डरवर राइट क्लिक करून त्याची झिप फाईल बनवा, ती फोनवरही उघडते.

चाचांचे बहुतेक कागद जेपीजी निघाले, म्हणजे कॉम्प्रेशनचा उपयोग नव्हता. कार्डातले लग्नाचे व्हिडिओ कॉम्प्युटरवर हलवले आणि अर्ध्याहून जास्त जागा मोकळी झाली. कागदांची दुसरी कॉपी पेन ड्राइव्हवर घेऊन ती मुलीच्या घरी ठेवायला सांगितली.

कार्ड हरवतं, बिघडतं. ज्या कागदावर लेकरांचं शिक्षण अवलंबून आहे, त्याच्या दोन कॉपी दोन घरांत ठेवा. अस्सल कागद तर जिवापाड जपा.