कंबरदुखी आणि मन

कंबर दुखू लागली की मणका सरकल्याचे निदान शेजारीपाजारीच करून मोकळे होतात. मग तपासणीत मणक्यांमधली एखादी गादी फुगलेली दिसली, की माणूस स्वतःला मोडका समजू लागतो. परंतु १९९४ साली अमेरिकेत कंबर दुखत नसलेल्या ९८ माणसांचे एमआरआय तपासले, तेव्हा निम्म्याहून अधिकांच्या गाद्या फुगलेल्याच निघाल्या!

तर मग तीन महिने उलटूनही न थांबणारे दुखणे काल्पनिक म्हणायचे काय? मुळीच नव्हे. मेल्झॅक आणि वॉल या दोघा शास्त्रज्ञांनी १९६५ साली असे मांडले, की वेदनेच्या संदेशांना मज्जारज्जूत जणू एक दार आहे आणि ते उघडण्या-मिटण्यात मेंदूचाही हात असतो. भीती हे दार सताड उघडते. भ्यालेला माणूस वाकत नाही, चालत नाही. स्नायू दुबळे होतात आणि दुखणे वाढते.

जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील एका वैद्यकीय केंद्रात एक वर्ग सुरू केला. उताणे पडून पायाच्या अंगठ्यापासून डोक्यापर्यंत लक्ष हळूहळू फिरवायचे. दुखऱ्या जागी आले की पळायचे नाही; जळजळ आहे, ओढ आहे की दाब, एवढेच पाहायचे. ‘आता मी कायमचा निकामी झालो’ हा विचार आहे, ती कळ नव्हे, हे ओळखायचे. इगतपुरीला विपश्यनेस बसून आलेल्यांना यात ओळखीचे पुष्कळ सापडेल, आणि ते साहजिकच आहे. झिन यांनी विपश्यना, झेन व हठयोग तिन्हींतून घेतले आहे.

दुसरी पद्धत विचार आणि वर्तन सुधारण्याची. रोज ठरलेली दहा मिनिटे चालायचे. दुखले म्हणून कमी नाही, बरे वाटले म्हणून तासभरही नाही. आमच्याकडे बरे वाटले की लगेच माळा आवरायला काढतात, तिथेच घात होतो.

वॉशिंग्टन राज्यातील ३४२ रुग्णांवरील प्रयोगाचा निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांनी हालचालीत ठळक सुधारणा झालेले शेकडा सुमारे ६१ लक्ष-साधनेत, ५८ विचार-वर्तन पद्धतीत आणि ४४ नेहमीच्या उपचारांत होते. फरक चमत्काराचा नाही, पण खरा आहे. आठांपैकी सहा वर्ग गाठणारे निम्म्याहून थोडेच अधिक होते, हेही सांगितले पाहिजे.

मात्र पाय लुळा पडू लागला, लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, बैठकीची जागा बधिर झाली, अथवा कंबरदुखीबरोबर ताप आला, तर डोळे मिटून बसू नये. त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.