सरासरी थंडी

डिसेंबर लागला, की सकाळी वर्तमानपत्र हाती आल्यावर मी आधी निफाडचा आकडा शोधतो. सोन्याचा भाव आणि निधनवार्ता नंतर. निफाडजवळ कुंदेवाडीला गहू संशोधन केंद्र आहे. तिथल्या तापमापकावरची नोंद दर हिवाळ्यात बातमीत येते. महाबळेश्वरपेक्षा निफाड गार, असे वाचले की माझी छाती उगीचच फुगते. जन्म त्याच तालुक्यातला ना! खरे तर यात पराक्रम कुणाचाच नाही. निरभ्र रात्री जमीन भराभर निवते, तिला टेकलेली हवा गार आणि जड होऊन सखल भागाकडे उतरते आणि गोदाकाठच्या शिवारात साचून राहते. महाबळेश्वर पडले डोंगरमाथ्यावर, म्हणून तिथली पहाट तुलनेने सौम्य. दवबिंदू गोठल्याची छायाचित्रे छापून येतात ती वेण्णा तलावाकाठच्या खोलगट जागेतली, बाजारपेठेतली नव्हेत.

हिवाळ्यात किती अंश असावेत, असे कुणी विचारले तर माझे उत्तर तयार आहे. पहाटे 10, दुपारी 28. पहाटे तोंडातून वाफ निघाली पाहिजे आणि अकरा वाजता स्वेटर काढून खांद्यावर टाकता आला पाहिजे. यात बालपणाचा भाग मोठा, हे कबूल. बंबातल्या पाण्याचा धुरकट वास, शेकोटीत भाजलेले हरभऱ्याचे घाटे, आजीच्या जुन्या लुगड्यांची गोधडी. पारा 10 वर आला की हे सगळे परत येते. 16 वर येत नाही.

बायको माझी वेंगुर्ल्याची. तिच्या माहेरी जानेवारीतल्या रात्रीही पारा 18-19 च्या फारसा खाली जात नाही. लग्न होऊन आली तेव्हा तिच्याकडे स्वेटर नावाची वस्तूच नव्हती. तिच्या मते माणसाला 20 अंश पुष्कळ झाले, त्याखालची थंडी हिमालयात तप करणाऱ्यांसाठी. "अहो, खिडकी लावा," हे वाक्य मी दर हिवाळ्यात ऐकत आलो, आणि ती झोपली की खिडकी उघडत आलो. एकदा मी तिला हवामान खात्याचा नियम ऐकवला. किमान तापमान 10 किंवा त्याखाली आणि सरासरीहून साडेचार अंश तरी कमी असल्याशिवाय थंडीची लाट म्हणत नाहीत. तिने पुढचे वाचून दाखवले : तो नियम मैदानी मुलखाचा, डोंगराळ भागासाठी 0, आणि किनारपट्टीला 15 अंशांनाही लाट म्हणता येते. "म्हणजे सरकारला कळतं," ती म्हणाली. मला त्यावर बोलता आले नाही. मुंबईचे तसेच आहे. सांताक्रूझला 22 जानेवारी 1962 रोजी 7.4 अंश नोंदले गेले, तो आकडा मुंबईकर विक्रम म्हणून सांगतात. निफाडकर तेवढ्याला फार तर कानटोपी घालील.

बँकेत 37 वर्षे काढल्याने सरासरी या शब्दाकडे मी जरा संशयाने पाहतो. खात्यातली सरासरी शिल्लक चांगली दिसते, पण महिन्यातले 20 दिवस खाते रिकामेच असते, असे कितीतरी खातेदार पाहिले. थंडीचेही तेच. नाशिकची जानेवारीतली पहाट 10 आणि दुपार 29 धरली तर सरासरी येते साडेएकोणीस. वेंगुर्ल्याची 25 च्या आसपास. कागदावर फरक पाच-सहा अंशांचा. पण साडेएकोणीस अंशांत नाशिकला कुणी झोपत नाही. झोपायचे असते ते पहाटेच्या 10 मध्ये.

आणि कुणी झोपतच नाही. नव्वदच्या दशकात नाशिक जिल्ह्यातल्या एका शाखेत असताना जानेवारीतल्या एका सकाळी मी कर्जप्रकरणांच्या पाहणीसाठी शिवारात गेलो होतो. बांधाच्या अलीकडे गहू, पलीकडे द्राक्षबाग, मालक एकच. गव्हाला थंडी रेंगाळलेली बरी, ओंबी चांगली भरते. द्राक्षाचे उलटे. मण्यांची फुगवण थांबते, आणि साखर भरत आलेले मणी तडकतात. बागेत जागोजाग राखेचे ढीग होते. रात्रभर शेकोट्या पेटवून आणि पहाटे पाणी सोडून त्याने बाग राखायची खटपट केली होती. मी मफलर सारखा करीत म्हणालो, "काय छान थंडी पडलीये!" डोळे धुराने लाल झालेले. तो शांतपणे म्हणाला, "साहेब, तुमची थंडी गोधडीतली हाये. आमची बागंतली." गव्हाचे पीककर्ज आणि बागेचे कर्ज, दोन्ही फायली माझ्या एकाच कपाटात होत्या. त्या वर्षी बागेचा हप्ता थकला. नोटिशीवर सही माझीच.

एवढे ऐकूनही घरात माझे डोळे उघडले नाहीत. निवृत्तीनंतर कुठे राहायचे हे मी ठरवले, नाशिक. बायकोला विचारले असेल, पण विचारणे आणि सांगणे यांत मी फारसा फरक केला नसावा. नोकरीत असताना पहाटे फिरायला जायची सवय. ती गुडघ्याने मोडली, म्हणून एका डिसेंबरात पाच वाजता स्वयंपाकघरात डोकावलो. ही ओट्यापाशी दोन्ही हात कोमट पाण्याच्या पातेल्यात बुडवून उभी होती. बोटे मोकळी झाल्याशिवाय चहाची किटली उचलता येत नाही, म्हणाली. "कधीपासून?" मी विचारले. "आपण भंडाऱ्याला होतो तेव्हापासून." भंडाऱ्याची बदली 2004 सालची. म्हणजे मी फिरून येऊन जो आयता चहा प्यायलो, तो इतकी वर्षे या पातेल्यानंतरचा.

आता डिसेंबर-जानेवारी ती वेंगुर्ल्याला भावाकडे असते. मी आठवडाभर जाऊन येतो, घामेजतो, परत येतो. मेहुण्याची हापूसची कलमे आहेत. गंमत अशी, की कोकणी माणसाला नको असलेली थंडी त्याच्या कलमांना मात्र हवी असते. रात्री गार झाल्याशिवाय मोहोर धड येत नाही. तीही बेताची. लांबली तर पुन्हा मोहोर फुटतो आणि आधी धरलेली बारीक फळे गळतात. त्यामुळे त्या घरीही सकाळी तापमानाची चौकशी चालते, फक्त आकडे वेगळे.

परवा रात्री तिचा फोन आला. "किती होतं आज?" मी म्हणालो, "11." त्या दिवशी पहाटे 8 होते. "खिडकी लावून झोपता ना?" तिने विचारले. हो म्हणालो, आणि फोन ठेवल्यावर उठून लावली.